दुरुस्तीराव नाटक बसवतात

सुट्टीतलं नाटक बसवायला दुरुस्तीरावांना कुणी सांगितलं नव्हतं. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण पुढे वसाहतीतल्या प्रत्येकानं ते त्यांना निदान एकदा तरी ऐकवलं.

दुरुस्तीराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात ते पत्रव्यवहार बघत, आणि तिथं कुणीही लिहिलेलं पत्र त्यांच्या लाल शाईतून न्हाऊन निघाल्याशिवाय पुढे जात नसे. नळाला पाणी येत नाही एवढंच कळवणाऱ्या माणसाचा अर्जसुद्धा ते आधी शुद्ध करत आणि मग सवडीनं पाण्याकडे वळत. घरीही तेच. बायको शेजारणीला सांगू लागली, "परवा आम्ही बाजारात गेलो, तर काय झालं..." की आतल्या खोलीतून आवाज येई, "परवा नाही, तेरवा." बायको क्षणभर थांबे, "हां, तेरवा," म्हणे, आणि तोवर गोष्टीतला जीव गेलेला असे. यात दुष्टपणा मुळीच नव्हता. चुकीचं काही कानावर पडलं की त्यांना राहवत नसे, इतकंच. आपल्यामुळे जगाचं बोलणं थोडं तरी ताळ्यावर आहे असं ते प्रामाणिकपणे मानत. आणि जगाला त्याचं काही नाही, हेही तितक्याच प्रामाणिकपणे मानत.

तर वर्षअखेरच्या सुट्ट्यांत काय करायचं यावर वसाहतीची सभा भरली होती. कुणी म्हणालं गाणी ठेवू, कुणी म्हणालं मुलांचे नाच. सगळं नेहमीसारखं फिसकटत चाललेलं असताना दुरुस्तीराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "नाटक करू." सगळे गप्प झाले. ती शांतता आदराची आहे असं दुरुस्तीरावांना वाटलं. वास्तविक प्रत्येक जण एवढाच हिशेब करत होता, की हो म्हटलं तर सभा लवकर आटपेल का. आटपली.

नाटकही त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. जुनं, तीन अंकी, प्रेमाचं आणि विनोदी. कॉलेजात असताना याच नाटकात त्यांनी तिसऱ्या अंकात पाण्याचा तांब्या आणून ठेवणाऱ्या नोकराचं काम केलं होतं. त्या तांब्याची पाळी येईपर्यंत विंगेत उभं राहून राहून अख्खं नाटक त्यांना पाठ झालं होतं. गोष्ट अशी: एक तरुण घड्याळजी एका श्रीमंत घरी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला येतो, घरातल्या मुलीवर त्याचं मन बसतं, आणि पुन्हा यायला मिळावं म्हणून तो दर वेळी घड्याळात मुद्दाम काहीतरी बिघाड ठेवून जातो. मुलीचा बाप संतापतो, घड्याळ काही केल्या चालत नाही, आणि शेवटी मुलगी त्याला सांगते, "तुमच्या हातात काही दोष नव्हता. तुम्ही गेलात की घड्याळ मीच बंद पाडत होते. तुमची वाट पाहताना काळ थांबतो म्हणतात; मी तो माझ्या हातानं थांबवला." हे वाक्य आलं की विंगेत तांब्या धरून उभ्या असलेल्या तरुण दुरुस्तीरावांच्या अंगावर रोमांच उभे राहत. असं वाक्य आपल्याला कुणी म्हणेल अशी एक आशा तेव्हा त्यांना होती. पुढे लग्न झालं.

वसाहतीचे अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी होते. त्यांनी पडदा द्यायचं कबूल केलं आणि नाटकाची गोष्ट नीट ऐकून घेतली.

"घड्याळजीऐवजी गवंडी केला तर?" ते म्हणाले.

"गवंडी?"

"म्हणजे भिंतीला तडे जातात. तो पुन्हा पुन्हा येतो. आणि मग कुणीतरी त्याला सांगतं, की अरे, सिमेंट चांगलं वापर. कुठलं वापरायचं तेही सांगता येईल. ओघात."

दुरुस्तीरावांनी अभिजात कलाकृतीचं पावित्र्य या विषयावर त्यांना बरंच काही समजावलं. अध्यक्षांनी ते शांतपणे ऐकलं. पडदा मात्र त्यानंतर जो आला तो अर्धाच आला.

नायकाचं काम दातांच्या डॉक्टरला मिळालं. तो देखणा होता, हसला की बघत राहावं असा, आणि वसाहतीतल्या निम्म्या लोकांच्या तोंडात त्याचे हात जाऊन आले असल्यामुळे त्याला नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. अडचण एकच. त्याचं आयुष्य तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसांशी बोलण्यात गेलं होतं. आपण बोलायचं आणि समोरच्यानं 'आ आ' करायचं, एवढाच संवाद त्याला ठाऊक. समोरचं पात्र शब्दांत उत्तर देऊ लागलं की तो गांगरून जायचा आणि पुढची ओळ विसरायचा. बापाचं काम निवृत्त तिकीट तपासनीसाकडे गेलं. त्याला अभिनय करावाच लागला नाही. तो घरातल्या प्रत्येकाकडे, विनातिकीट चढला असावा अशा नजरेनं बघायचा. नायिका बँकेतली एक मुलगी होती. तीच एक काय ती पाठांतराला पक्की.

दिग्दर्शक कोण, हा प्रश्न त्या वेळी निघाला नाही. दुरुस्तीरावांनी तो निघू दिला नाही.

पहिली खोट हॉलमध्ये निघाली. वसाहतीचा हॉल म्हणजे वॉर्ड ऑफिसच्या ताब्यातली जागा. तिथल्या कारकुनानं परवानगी लगेच दिली. यामुळे दुरुस्तीराव खूश होण्याऐवजी अस्वस्थ झाले, कारण इतक्या झटपट काम होणं त्यांच्या स्वतःच्या अनुभवात बसत नव्हतं. हॉल उघडून पाहतात तो स्टेजच्या मधोमध मागच्या निवडणुकीच्या पेट्या एकावर एक रचून, दोरीनं बांधून, लाखेचं सील मारून ठेवलेल्या.

"या हलवायच्या नाहीत," कारकून म्हणाला.

"अहो, पण नाटक आहे."

"करा की. पेट्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर बसायचं नाही, त्यांना काही टेकवायचं नाही."

"पण त्या प्रेक्षकांना दिसतील!"

"दिसायला हरकत नाही," कारकून विचार करून म्हणाला. "फक्त नाटकात त्यांच्याबद्दल काही बोलू नका."

या वाक्यात दुरुस्तीरावांना दुरुस्त करण्यासारखं काहीच सापडलं नाही, याचाच त्यांना जास्त त्रास झाला. तेव्हा श्रीमंताच्या दिवाणखान्यात मधोमध एक डोंगर आणि त्याला वळसा घालून प्रेम, अशी मांडणी झाली. घड्याळ पेट्यांच्या मागे पडलं. घड्याळजी घड्याळ दुरुस्त करायला गेला की दिसेनासा व्हायचा, आणि डॉक्टर एकदा पेट्यांमागे गेला की तिथंच संवादांचा कागद काढून वाचत बसायचा. पुष्कळ वेळ बाहेरच यायचा नाही.

तालमी सुरू झाल्या तशी वसाहतही सुरू झाली. हॉलला खिडक्या होत्या, आणि प्रत्येक खिडकीत एक सल्लागार होता. वरच्या मजल्यावरच्या आजींना नाटकात कुणीतरी आजारी असावं असं वाटत होतं, "थोडं रडू आलं पाहिजे बाई, नाहीतर एवढ्या लांब चालत कशाला यायचं?" योगवर्गाच्या बाईंचं म्हणणं, घड्याळजीनं आत येताना पाठ ताठ ठेवावी. एक गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन फक्त एवढंच विचारत, "हे विनोदी आहे ना?" आणि हो म्हटल्यावर मान हलवून निघून जात. दुरुस्तीराव प्रत्येकाचं चुकलेलं व्याकरण सुधारत आणि सल्ला नाकारत. लोकांना सल्ला नाकारल्याचं काही वाटलं नाही. व्याकरणाचं मात्र लागलं.

आणि प्रयोग अगदी तोंडावर आला असताना बँकेनं वर्षअखेरच्या कामासाठी त्या मुलीला दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवून दिलं.

तातडीची बैठक दुरुस्तीरावांच्याच घरी झाली. डॉक्टर, तपासनीस, अध्यक्ष, सगळे चेहरे पाडून बसले. दुरुस्तीराव म्हणाले, "इतक्या ऐनवेळी सगळे संवाद कुणाला पाठ होणार? आपल्याला प्रयोग रद्द..."

"मला पाठ आहेत," चहाचा ट्रे घेऊन आलेली त्यांची बायको म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. दुरुस्तीरावांनीही पाहिलं.

"गेले कितीतरी दिवस घरात दुसरं काय चाललंय?" ती म्हणाली. "दाढी करताना तेच, जेवताना तेच. मी भाजी चिरताना मुलीच्या ओळी म्हणायच्या आणि हे चुका काढणार. आता झोपेतसुद्धा येतं मला."

"अगं, पण नायिका वीस वर्षांची आहे!"

"मुलगी बापाच्याच वयाची दिसेल हो," तपासनीस संशयानं म्हणाला.

"विनोदी आहे ना?" अध्यक्ष म्हणाले. "मग झालं तर."

दुरुस्तीरावांनी बायकोला बाजूला घेतलं. "हे बघ, स्टेजवर उभं राहणं म्हणजे खायचं काम नाही. लोक हसतील."

"हसायलाच तर येणार आहेत," ती म्हणाली, आणि कप भरायला लागली.

तालमीत त्यांनी तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली. तिच्या 'च'चा उच्चार, तिचं वळणं, तिचं थांबणं, सगळंच चुकत होतं. ती एक वाक्य म्हणे, ते थांबवत. ती 'बरं' म्हणे आणि पुन्हा सुरुवात करी. वीस-बावीस वर्षं संसार केला म्हणून बायकोला सवलत देणारे दिग्दर्शक असतात. आपण त्यातले नाही, याचा त्यांना अभिमान होता. पण एक विचित्र गोष्ट घडत होती. डॉक्टरला संवाद आठवू लागले होते.

"वहिनी, तुम्ही थांबता ना," डॉक्टर एकदा म्हणाला. "माझं बोलून होईपर्यंत तुम्ही माझ्याकडे बघत थांबता. त्यामुळे धीर येतो."

"सवय आहे मला," ती म्हणाली.

तरीही डॉक्टरची पूर्ण खात्री कुणालाच नव्हती. प्रयोगाच्या आधी अध्यक्ष म्हणाले, "विंगेत कुणीतरी पाहिजे बुवा. ओळ अडली की पुढची सांगायला. अख्खं नाटक कुणाला पाठ आहे?" उत्तर उघड होतं. दुरुस्तीराव म्हणाले की दिग्दर्शकानं समोर बसायचं असतं. अध्यक्ष म्हणाले, "समोर मी बसतो. तेवढं मला जमेल." अशा रीतीनं, एक खुर्ची इकडची तिकडे झाली आणि नाटकाचा दिग्दर्शक बदलला. बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दुरुस्तीरावांनी प्रयोगाच्या संध्याकाळी वाचलं: दिग्दर्शन, अध्यक्ष. खाली सगळ्या कलाकारांची नावं. अगदी तळाशी: 'विशेष सहाय्य, दुरुस्तीराव'. टोपणनाव, तेही जाहीर फळ्यावर. 'साहाय्य' मधला काना गेलेला होता. त्यांनी तो खडूनं घातला. बाकी काही बदलण्याचा अधिकार आपल्याला राहिलेला नाही, हे त्यांना तिथं उभ्या उभ्याच कळलं.

हॉल भरला होता. वरच्या आजी पहिल्या रांगेत हातात रुमाल घेऊन तयारीनं बसल्या होत्या. पहिला अंक धडपडत पार पडला. अर्धा पडदा अर्ध्या स्टेजवरच पडला, त्यामुळे अंक संपल्यावर उरलेल्या अर्ध्यात उभा असलेला तपासनीस बराच वेळ तसाच संशयानं लोकांकडे पाहत राहिला. लोकांना ते आवडलं. दुसऱ्या अंकात डॉक्टर पेट्यांना धडकला, सील तुटलं की काय म्हणून मागच्या रांगेतला वॉर्ड ऑफिसचा कारकून उभा राहिला, लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. दुरुस्तीराव विंगेत घामाघूम होऊन उभे होते. ज्या नाटकावर त्यांनी आयुष्यभर प्रेम केलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत मोडत होतं, आणि लोक खूश होते.

फक्त बायको नीट बोलत होती. एकही ओळ चुकली नाही. पेट्यांच्या त्या डोंगराला वळसा घालून ती अशी येई, जणू जन्मभर तिच्या दिवाणखान्यात तो डोंगर होताच. तिसऱ्या अंकात ती डॉक्टरसमोर येऊन उभी राहिली आणि हॉल आपोआप शांत झाला. दुरुस्तीराव पुढे सरकले. ते वाक्य आता येणार होतं.

"तुमच्या हातात काही दोष नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही गेलात की घड्याळ मीच बंद पाडत होते."

मग ती थांबली. विसरली, असं वाटून दुरुस्तीरावांनी हळूच ओळ पुरवली, "तुमची वाट पाहताना काळ थांबतो..."

"का, ते सांगू?" ती डॉक्टरला म्हणाली. हे नाटकात नव्हतं. "तुम्ही या घरात आलात, तेव्हा मी काहीतरी सांगत होते. काय ते आता आठवतही नाही. साधंच काहीतरी. पण तुम्ही हातातलं काम ठेवलंत आणि माझं वाक्य पुरं होऊ दिलंत..."

"काळ थांबतो म्हणतात!" विंगेतून आवाज आला. जरा मोठा.

"...या घरात ते कधी कुणी पुरं होऊ दिलेलं नाही..."

"मी तो माझ्या हातानं थांबवला!" दुरुस्तीरावांना राहवलं नाही. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

तिनं मान वळवली. विंगेकडे पाहिलं. रागानं नाही, शांतपणे.

"ऐकू आलं मला," ती म्हणाली. "पण मला हेच म्हणायचंय."

हॉल कोसळला. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते, तपासनीस स्टेजवरच हसत होता, आजी रुमालानं डोळे पुसत होत्या. हसण्याचा जोर ओसरेपर्यंत ती उभी राहिली आणि मग डॉक्टरकडे वळून तिनं आपलं वाक्य पुरं केलं. ते काय होतं, हे दुरुस्तीरावांना कधीच कळलं नाही. कानशिलं इतकी तापली होती की त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"ओळ आठवेना. मग जे आलं ते बोलले."

"तुला सगळं पाठ होतं."

"हो, होतं," ती म्हणाली. तिनं कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघत थांबली, काही विचारतील अशी. दुरुस्तीरावांना पुष्कळ विचारायचं होतं. पण अपमान पोटात असताना माणूस एकच गोष्ट बोलू शकतो, आणि दुरुस्तीराव तीच बोलले.

"'म्हणायचंय' नव्हे. त्या काळच्या घरातली मुलगी 'म्हणायचे आहे' म्हणेल."

ती उठली आणि कप विसळायला गेली.

तेवढ्यात अध्यक्ष आले, डॉक्टरला घेऊन. दोघांचे चेहरे फुलले होते. शेजारच्या वसाहतीला प्रयोग हवा होता, सुट्टी संपायच्या आत. "आणि तो विंगेतला प्रकार," अध्यक्ष म्हणाले, "तो ठेवायचाच. त्यांनी खास सांगितलंय. लोक त्यासाठीच येणार आहेत."

"कुठला प्रकार?"

"तुम्ही ओरडता आणि वहिनी म्हणतात, ऐकू आलं मला. काय सुचलंय हो! तुम्हा दोघांचं आधीच ठरलं होतं ना?"

दुरुस्तीरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. नळ बंद झाला होता. खरं सांगायचं तर नवऱ्याची अब्रू जाणार होती, खोटं सांगायचं तर कुणी मूर्ख म्हणणार नव्हतं.

"ठरलंच होतं," ते म्हणाले.

दोन्ही वसाहतींत त्याचं फार कौतुक झालं. स्वतःला हास्यास्पद करून घ्यायला मोठं मन लागतं, असं लोक म्हणाले. दुरुस्तीरावांना आयुष्यात पहिल्यांदा नाटकात खरी भूमिका मिळाली होती, आणि तिची तालीम ठेवण्यात आली.

"तुमची वाट पाहताना काळ थांबतो," ते विंगेतून म्हणाले.

"नाही हो," समोर बसलेले अध्यक्ष म्हणाले. "त्या दिवशीसारखं नाही आलं. खरं वाटत नाही."

ते पुन्हा म्हणाले.

"राग कमी पडतोय," डॉक्टर म्हणाला. "मघाशी जरा बरं होतं. पुन्हा एकदा. आणि 'काळ'वर जोर द्या."

दुरुस्तीराव 'बरं' म्हणाले आणि पुन्हा सुरुवात केली. पेट्यांपाशी उभी असलेली त्यांची बायको डोक्यावरचा पदर सारखा करत होती.

दुसरा प्रयोग नेटका झाला. तिथं पडदा पुरा होता आणि पेट्या नव्हत्या. अध्यक्षांनी त्यांच्या जागी रिकामी खोकी रचून घेतली, कारण आता त्यांच्याशिवाय कुणाला चालता येईना. तिसऱ्या अंकात दुरुस्तीराव वेळेवर ओरडले, पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं, मग शेवटच्या रांगेपर्यंत. जोर बरोबर 'काळ'वर पडला. आणि मग ते विंगेच्या अगदी कडेला आले, जिथून तिचा चेहरा नीट दिसेल. ती आपल्याकडे वळेल, त्या दिवशीसारखी बघेल, आणि या वेळी आपण काहीतरी करू. मान हलवू, निदान डोळे तरी खाली घालू. तिला समजेल असं काहीतरी करू. आठवडाभर ते हेच ठरवत होते.

ती वळली. पण विंगेकडे पूर्ण नाही. चेहरा प्रेक्षकांना दिसावा म्हणून अर्धीच वळली, जसं डॉक्टरनं तिला शिकवलं होतं. नजर दुरुस्तीरावांच्या डोक्यावरून पलीकडे, अंधारात कुठंतरी गेली.

"ऐकू आलं मला," ती मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली. "पण मला हेच म्हणायचे आहे."

पहिल्या प्रयोगापेक्षाही मोठा हशा उसळला.